वाचकांचे प्रश्न : ‘ओबीजे’च्या मागचा आर्किटेक्ट

प्रश्न : मॅडम, मी कर्वेनगरला राहते आणि थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही रोज मॉडेल ‘ओबीजे’ फाइल म्हणून एक्सपोर्ट करतो. परवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या मेन्यूत त्याच्याजवळ ‘वेव्हफ्रंट’ असं नाव दिसलं. सरांना विचारलं तर म्हणाले, जुनी कंपनी होती, बंद पडली. बंद पडलेल्या कंपनीचं नाव अजून का ठेवलंय? आणि ती कोणाची होती?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. गेली तीस वर्षं मी थ्रीडीत काम करते आहे आणि हा प्रश्न मला आजपर्यंत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

तुझे सर म्हणाले ते अर्धं बरोबर आहे. वेव्हफ्रंट ही थ्रीडीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी. ती बंद पडली नाही, विकली गेली. सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये ती घेतली. टोरांटोची एलियास नावाची कंपनीही त्याच वेळी घेतली आणि दोघींची एकच कंपनी केली. त्या एकत्र घरात १९९८ मध्ये ‘माया’ हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर जन्माला आलं. २००६ मध्ये ते सगळं ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं. म्हणजे तुमच्या लॅबमध्ये माया चालत असेल, तर वेव्हफ्रंटच्या नातवंडावरच तू काम करते आहेस.

आता कोणाची होती ते. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा या समुद्रकाठच्या गावात तिघांनी ती सुरू केली : बिल कोव्हॅक्स, लॅरी बॅरेल्स आणि मार्क सिल्व्हेस्टर. तांत्रिक बाजू सांभाळली कोव्हॅक्स यांनी. मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल, कारण ते मूळचे आर्किटेक्ट होते. मीही आर्किटेक्ट आहे. हे कळलं त्या दिवसापासून हा माणूस मला आपल्यातला वाटत आला आहे. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पत्रही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

कोव्हॅक्स यांचा जन्म १९४९ चा. १९७१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून त्यांनी आर्किटेक्चरची पदवी घेतली, मग येलमध्ये पुढचं शिक्षण. त्याच सुमारास स्किडमोर, ओविंग्स अँड मेरिल या आर्किटेक्टांच्या फर्ममध्ये नोकरी. शिकागोचा सिअर्स टॉवर ज्यांनी उभा केला ती हीच फर्म. तिथल्या शिकागोच्या ऑफिसात ते इमारतींची चित्रं संगणकाकडून काढून घेण्याच्या कामावर होते. सत्तरच्या दशकात! तेव्हाचे बरेचसे संगणक खोलीभर असायचे आणि पडद्यावर बहुतेक करून रेघाच दिसायच्या.

त्या रेघांचं मोल काय, हे तुला कळावं म्हणून माझ्या शिक्षणातली एक गोष्ट सांगते. १९८८-८९ च्या सुमाराला आम्ही इमारतीचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्याला दिसेल तसं चित्र, हाताने काढायचो. ड्रॉइंग बोर्डाच्या बाहेर, कधी कधी चक्क शेजारच्या टेबलावर, लोपबिंदूची, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूची, टाचणी ठोकायची, तिला दोरा बांधायचा आणि प्रत्येक खिडकीची, प्रत्येक पायरीची रेघ त्या दोऱ्याच्या दिशेने ओढायची. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंग पेनची शाई सांडली की ब्लेडने खरवडायची. दोन रात्री जागून चित्र व्हायचं आणि सर येऊन म्हणायचे, “छान आहे, पण पाहणारा थोडा डावीकडे उभा असता तर?” डावीकडे म्हणजे टाचणी काढा, कागद बदला, पुन्हा दोन रात्री. मी एकदा बोर्डावर डोकं टेकून रडले आहे.

पाहणाऱ्याला डावीकडे उभं करायचं, मग चालायला लावायचं, मग दारातून आत न्यायचं. ज्याने टाचणी-दोऱ्याने पर्स्पेक्टिव्ह काढलं आहे त्याला ही इच्छा होतेच. माझी अशी समजूत आहे की आर्किटेक्ट मंडळी थ्रीडीकडे वळली ती याच ओढीने. कोव्हॅक्स यांच्या मनात काय होतं ते मी कशी सांगणार, पण १९७८ मध्ये त्यांनी इमारतींचं काम सोडलं आणि हॉलिवूडमधल्या रॉबर्ट एबल यांच्या स्टुडिओत गेले. टीव्हीच्या जाहिरातींसाठी तो स्टुडिओ गाजलेला होता. तिथे त्यांनी, रॉय हॉल आणि इतरांच्या बरोबरीने, अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर तयार केलं. १९८२ च्या ‘ट्रॉन’ चित्रपटातली संगणकाची दृश्यं ज्या चार कंपन्यांनी केली, त्यांपैकी हा एक स्टुडिओ.

आता खरा मुद्दा, तो नीट वाच. त्या काळात थ्रीडीचं सॉफ्टवेअर दुकानात मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं. ज्या स्टुडिओला अ‍ॅनिमेशन करायचं, तो स्वतःचे प्रोग्रॅमर ठेवायचा आणि स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घ्यायचा. ते सॉफ्टवेअर त्या चार भिंतींबाहेर जायचं नाही. प्रत्येक शिंप्याने आधी शिवणयंत्र स्वतः ओतून घ्यायचं आणि मग परकर शिवायला बसायचं, असला तो प्रकार. तुला किंवा मला हे काम करायचं असतं तर त्या चार-सहा स्टुडिओंपैकी एकात नोकरी मिळवणं हाच मार्ग होता. पुण्यात बसून तर विचारही करायला नको.

वेव्हफ्रंटने शिवणयंत्र विकायला काढलं. ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्हिज्युअलायझर’ हे त्याचं नाव. सिलिकॉन ग्राफिक्सची वर्कस्टेशन, म्हणजे ताकदवान संगणक, घ्या, हे सॉफ्टवेअर घ्या आणि तुमचं काम तुम्ही करा. स्वस्त नव्हतं, सामान्य माणसाच्या आवाक्यातलं तर मुळीच नव्हतं. पण पैसे असलेल्या कोणालाही मिळू शकत होतं, आणि स्टुडिओत घरचा प्रोग्रॅमर असायलाच हवा ही अट उरली नाही. पुढे याच कामासाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९८ मध्ये कोव्हॅक्स आणि रॉय हॉल यांना तांत्रिक पुरस्कार दिला. कोव्हॅक्स यांना नेतृत्वासाठी आणि हॉल यांना अभियांत्रिकीसाठी, असं दोघांचं काम त्यात वेगवेगळं नोंदवलं आहे. मला हे फार आवडलं. आपल्याकडे एकाचं नाव घेतलं की बाकीचे पुसले जातात.

आणि ओबीजे? ती या व्हिज्युअलायझरची फाइल. मॉडेलचा आकार साठवायला वेव्हफ्रंटने केलेली. तिचं मोठेपण असं की ती साध्या मजकुरात लिहिलेली असते. आज घरी गेलीस की एखादी छोटी ओबीजे नोटपॅडमध्ये उघड. घाबरू नकोस, काही बिघडत नाही. तुला ठिपक्यांची रांगोळी दिसेल.

खरंच रांगोळीच आहे ती. आधी ठिपके मांडायचे : ‘व्ही’ अक्षराने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक ठिपका, पुढे त्याचे तीन आकडे, लांबी, रुंदी, उंची. मग ठिपके जोडायचे : ‘एफ’ने सुरू होणारी ओळ सांगते, कितव्या ठिपक्यापासून कितव्या ठिपक्यापर्यंत पृष्ठभाग ताणायचा. मोजणी एकपासून, आपण रांगोळीत मोजतो तशीच. संगणकवाल्यांना शून्यापासून मोजायची सवय असते, पण ही फाइल माणसासारखी मोजते. साधी चौकोनी खोली घे. चार ठिपके जमिनीचे, १ ते ४. त्यांच्या बरोबर डोक्यावर त्याच क्रमाने चार ठिपके छताचे, ५ ते ८. एक भिंत म्हणजे ‘एफ १ २ ६ ५’. अशा सहा ओळी. एकूण चौदा ओळींत खोली उभी. त्या हाताने टाइप कर, नावाच्या शेवटी ओबीजे लाव आणि ब्लेंडरमध्ये आण. माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात मी हे करायला लावते. माउसला हात न लावता खोली उभी राहिली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

साध्या मजकुरामुळे झालं काय, की ही फाइल कोणालाही वाचता आली. वेव्हफ्रंटच्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नसलेल्या प्रोग्रॅमरनेही ती उघडून पाहिली, त्याला ती समजली, आणि त्याने आपल्या प्रोग्रॅमला ती वाचायला शिकवली. असं होत होत ती सगळीकडे गेली. गेम, थ्रीडी प्रिंटिंग, मूर्तींचे स्कॅन, कुठेही बघ. तिच्या मर्यादाही लक्षात ठेव. हालचाल तिच्यात राहत नाही, पात्र हलवायला आत बसवलेला सांगाडा राहत नाही, आकडे फुटांतले की मीटरमधले हेही ती सांगत नाही. आकार मात्र जपते.

कोव्हॅक्स ३० मे २००६ रोजी गेले. मला ते बऱ्याच महिन्यांनी कळलं, एका विद्यार्थ्यासाठी जुनी माहिती शोधताना. वय जेमतेम छप्पन्न. त्या दिवशी वर्गात मी कोणाला काही सांगितलं नाही, सांगूनही त्या मुलांना नाव माहीत नव्हतं. तुझ्या सरांना हे उत्तर दाखव. आणि मेन्यूत ‘वेव्हफ्रंट’ दिसलं की ते नाव का ठेवलंय, हे आता शेजारच्या मुलीला तू सांग.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आता म्हणतो, कॉलेज सोडून अ‍ॅनिमेशनचा कोर्स करतो, आर्किटेक्चरमध्ये वेळ फुकट गेला. घरात रोज वाद होतात. त्याला काय सांगू? (एक पालक, सिंहगड रस्ता)

उत्तर : आधी तुम्ही वाद थांबवा. तो चुकीचं काही मागत नाहीये. पण वर ज्यांच्याविषयी लिहिलं आहे ते कोव्हॅक्स यांचं उदाहरण त्याला जरूर वाचायला द्या. त्यांनी पदवी पुरी केली, वर पुन्हा शिकले, काही वर्षं इमारतींच्या ऑफिसात काढली आणि मग अ‍ॅनिमेशनकडे गेले. ती वर्षं फुकट गेली असं मला कुठे दिसत नाही.

माझ्याकडे थ्रीडी शिकायला दोन तऱ्हेची मुलं येतात. सॉफ्टवेअर दोघांनाही सारखंच येतं. पण जिना करायला सांगितला की फरक कळतो. आर्किटेक्चरच्या मुलाला पायरीची उंची सहा इंच की नऊ हे हाडात माहीत असतं. दुसऱ्याचा जिना दिसायला सुंदर असतो, पण त्यावरून माणूस चालवला की पाय हवेत. हे चार वर्षांच्या मोजमापातून येतं. म्हणून माझं स्पष्ट मत, पाचवं वर्ष त्याने पुरं करावं. प्रबंधाचा विषय मात्र त्याला आवडीचा घेऊ द्या आणि त्याचं सादरीकरण त्याला हलत्या चित्रांत करू द्या. आणि सुट्टीत पुण्यातल्या एखाद्या व्हिज्युअलायझेशन स्टुडिओत दोन महिने बसू द्या. रोज रात्री दहापर्यंत काम केल्यावरही त्याला तेच हवं असेल, तर तुम्ही पाठीशी उभे राहा.

प्रश्न : मी नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाचा जुना कार्यकर्ता. २००१ पासून आमच्या देखाव्यांची थ्रीडी मॉडेलं मी संगणकावर करून ठेवली, सगळी सीडीवर आहेत. तो प्रोग्रॅम आता मिळत नाही, फाइली कशातच उघडत नाहीत. मंडळाची नवी पोरं मागतात. काही उपाय आहे का?

उत्तर : दादा, पहिलं काम आजच करा. सगळ्या सीडी संगणकावर उतरवून घ्या, एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. वीस-बावीस वर्षांच्या सीडीचा भरवसा धरू नका. एखादी वाचली जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुने ड्राइव्ह कधी कधी चांगलं वाचतात. मग प्रत्येक फोल्डरमध्ये ओबीजे नावाची फाइल शोधा. त्या काळी आपण दुसऱ्या कोणाला मॉडेल देताना ती काढून द्यायचो आणि विसरून जायचो. एक जरी सापडली तरी तो देखावा वाचला. नाही सापडली, तर ज्या संगणकावर काम केलं होतं तो कोणाच्या माळ्यावर आहे का बघा. तो सुरू झाला आणि त्यात प्रोग्रॅम असला, तर एकेक फाइल उघडून ओबीजे करून घ्या.

हे मी अनुभवाने सांगते. शुक्रवार पेठेत माझ्या आजोबांचा दोन चौकी वाडा होता. १९९८ मध्ये तो पाडून इमारत बांधायचं ठरलं. पाडकामाला तीन आठवडे होते. मी टेप घेऊन गेले आणि आजोबांना बरोबर घेऊन सगळा वाडा मोजला : दिंडी दरवाजा, ओसरी, माजघर, कोनाडे, सागवानी खांब, त्यांच्या खालचे दगडी तळखडे, कडीपाटाची एकेक कडी. हौदाची खोली आजोबांनी काठी बुडवून मोजून दिली. दिवसा मोजायचं, रात्री कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात संगणकावर चढवायचं. एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने पुरं रंगवायला, सहा-सात तास लागायचे. रात्री लावून घरी जायचं आणि बुधवारी लावलेलं चित्र गुरुवारी सकाळपर्यंत व्हावं म्हणून देवाला हात जोडायचे, कारण गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात ठरलेलं.

वाडा पडला. आजोबा दोन वर्षांनी गेले. ज्या प्रोग्रॅममध्ये मी तो वाडा केला होता त्याची पुढची आवृत्ती आली, मग तिच्याही पुढची, आणि एक दिवस माझी मूळ फाइल कशातच उघडेना. तो प्रोग्रॅम करणाऱ्यांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांचं काम, आजोबांची मोजमापं, सगळं त्या फाइलीत बंद. मी कपाटं उपसली. शेवटी एका फ्लॉपीच्या डब्यात एक सीडी मिळाली, त्यावर वाड्याची ओबीजे. तेव्हा एका मित्राला दाखवायला काढून दिली होती.

नव्या संगणकावर ती उघडली तेव्हा वाडा पाठीवर आडवा पडलेला दिसला. तुमचंही असंच होईल, घाबरू नका. वरची दिशा कुठली धरायची यात प्रोग्रॅम-प्रोग्रॅममध्ये फरक असतो. नव्वद अंशांनी फिरवायचं. आकारही अवाढव्य आला, कारण माझे आकडे फुटांचे होते आणि त्या प्रोग्रॅमने ते मीटर धरले. तेवढं दुरुस्त केल्यावर वाडा सरळ उभा राहिला. एकोणीस खांब, मोजले. सगळे होते.

एक काळजी मात्र घ्या. फाइल दुरुस्त केल्यावर त्याच नावाने साठवू नका, मूळ फाइल तशीच ठेवा. ओबीजेमध्ये हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही, ती माणसासाठी असते. नव्याने साठवताना प्रोग्रॅम बहुधा त्या ओळी गाळून टाकतो. तुमच्या फाइलींतही तुम्ही काही लिहून ठेवलं असेल, म्हणून प्रत्येक फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचा. मी काय लिहिलं होतं ते मी पूर्ण विसरले होते. तेव्हा मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. पहिली ओळ : सर्व मापे फुटात. दुसरी : उंबरठ्यापासून वृंदावन २२ पावले, आजोबांनी चालून मोजली. आणि पुढे खांबांच्या आकड्यांच्या वर एकच : ओसरीचा तिसरा खांब कललेला आहे, सरळ करू नये, तो तसाच आहे.